शनिवारचा शेवटचा तास

अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे शाळेचे पत्र आले आणि लिहायला बसल्यावर लक्षात आले, की मला लिहायचे आहे ते एकट्या मराठीच्या बाईंविषयी. त्यांचे नाव मुद्दामच देत नाही. आमच्या तुकड्यांत नुसते ‘बाई’ म्हटले की दुसरे कोणी डोळ्यांसमोर येत नसे.

नववीच्या वर्षी शनिवारच्या सकाळच्या शाळेतला शेवटचा तास बाईंनी हरि नारायण आपटे यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ला देऊन टाकला होता. कादंबरी अभ्यासक्रमात नव्हती. ‘करमणूक’ साप्ताहिकाच्या वाचकांनी 1890 च्या सुमारास ती क्रमशःच वाचली होती, तेव्हा आपणही आठवड्याच्या आठवड्याला वाचू, असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितले. क्रमिक पुस्तकातला चार पानांचा उतारा त्यांना कधीच पुरेसा वाटला नाही. कादंबरीची नायिका यमू हिचे केशवपन समजायचे असेल तर आधी तिचे माहेर, तिचे सासर आणि मुंबईत पती रघुनाथरावांच्या सहवासात तिला मिळालेले थोडे मोकळे दिवस आपण तिच्याबरोबर काढलेले असावे लागतात, असा त्यांचा आग्रह होता.

बेळगावजवळच्या कंग्राळी, सांबरा, हलग्याकडून येणाऱ्या आम्हा शेतकऱ्यांच्या पोरांना पुण्याच्या ब्राह्मणी माजघरातली ती भाषा सुरुवातीला परकी वाटली, हे खरेच आहे. जुन्या कादंबऱ्या मुलांना झेपत नाहीत, असे आज म्हणणाऱ्यांना मी एवढेच सांगेन, की बाई शब्दाशब्दाला थांबत नसत आणि दिवाळीपर्यंत आम्हाला अर्थ विचारावा लागेनासा झाला होता.

एका शनिवारी यमूच्या सासरच्या जुलमी शंकरमामंजींचा प्रसंग चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, “बाई, असला माणूस आमच्या गल्लीत हाय.” वर्ग हसला. बाईंनी पुस्तकात बोट ठेवून ते मिटले आणि म्हणाल्या, “नाव नको. कसा वागतो ते सांग.” मग तो बोलला, त्याच्यानंतर एक मुलगी बोलली आणि घंटा होऊन गेली तरी कोणी दप्तर उचलले नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांविषयी वर्गात उघडपणे बोलण्याची सोय आम्हाला त्या जुन्या कादंबरीने करून दिली. आजच्या काळातली गोष्ट असती तर प्रत्येकाने आपापले घर सांभाळले असते.

बाबा पदमनजी आपल्या बेळगावचे, 1831 साली येथेच जन्मलेले, आणि विधवांच्या हालअपेष्टा सांगणारे त्यांचे ‘यमुनापर्यटन’ 1857 मधले, हेही बाईंनीच सांगितले. दोन्ही नायिकांची नावे जुळतात, हे मात्र आमच्यातल्या एका मुलीने हेरले आणि बाई त्या दिवशी विलक्षण खूश झाल्या. त्याच वर्षी कन्नडच्या सरांनी शिवराम कारंतांच्या ‘चोमन दुडी’ या कन्नड कादंबरीची कथा सांगितली. बाहेर भाषेवरून वातावरण तापलेले असताना, कसायला जमीन मागणाऱ्या त्या दलित चोमासाठी आमचा सगळा मराठी वर्ग हळहळला होता.

आज बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत माझी फौंड्री आहे, मालाला बाहेरच्या राज्यांतूनही मागणी आहे. कामगार रजेचा अर्ज घेऊन समोर उभा राहिला की कारण विचारण्याआधी त्याच्या घरी काय चालले असेल याचा विचार मनात येतो. ही सवय कुठल्या तासाला लागली, ते मला ठाऊक आहे.

हल्ली एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, निकालाच्या टक्केवारीपायी शनिवारीही सराव पेपर सोडवून घेतले जातात, असे कळते. शिक्षकांवरचा भार मी जाणतो, तरीही वाईट वाटते. अमृतमहोत्सवानिमित्त ‘पण लक्षात कोण घेतो?’च्या एका वर्गाला पुरतील एवढ्या प्रती मी बाईंच्या नावे शाळेला देत आहे. त्या कपाटात कुलूपबंद राहू नयेत आणि नववीच्या वेळापत्रकात शनिवारचा शेवटचा तास पुन्हा त्यांच्यासाठी राखून ठेवावा, अशी मुख्याध्यापकांना व संचालक मंडळाला माझी नम्र विनंती आहे.