भरतीची वेळ आणि माझी खोटी वही

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी अंकासाठी लिही, असा फोन आला तेव्हा आधी आठवली ती माझी लबाडी. तेवढीच लिहितो.

आठवीत भूगोलाला भरती-ओहोटीचा धडा होता. सरांनी तो वाचलाच नाही. वर्गाचे चौघाचौघांचे गट पाडले, प्रत्येक गटात गाबितवाड्यातला, म्हणजे मच्छीमारांच्या वस्तीतला, एक तरी येईल असं बघितलं आणि फळ्यावर लिहिलं : ‘आपल्या बंदरात भरती कधी येते?’ शेजारी कालनिर्णय टांगलं. बस्स.

आम्ही वरच्या आळीतले, पहिल्या बाकांवरचे हुशार. समुद्र रोज दिसायचा, पण तो कधी चढतो नि कधी उतरतो याचा पत्ता नव्हता. आमच्या गटातला मागच्या बाकावरचा मुलगा, वर्षभर तोंड न उघडलेला, हळूच म्हणाला, “आजो सांगता, तिथीची पाऊणपट करूची. चतुर्थीक तीन, अष्टमीक सहा.”

सरांनी खडू त्याच्याच हातात दिला. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता. “रोज पाऊण तासानं सरकणारी भरती इथंच दीड तास कशी उडी मारते?” सरांनी विचारलं आणि घंटा झाली. उत्तर त्यांनी शेवटपर्यंत दिलं नाही.

मग पंधरवडाभर धक्क्यावर नोंदी. गटात पाळ्या वाटल्या. अष्टमी ते द्वादशीच्या सकाळी माझ्या वाट्याला आल्या. थंडीचे दिवस, मी गोधडीतच राहिलो आणि वही भरून टाकली : सहा, पावणेसात, साडेसात, सव्वाआठ, नऊ.

गट बसला तेव्हा मागच्या बाकावरच्या त्या मुलानं माझी वही नुसती बघितली. “ह्या खोटा आसा. अष्टमीच्या आजूबाजूक भरती तासापेक्षा जास्ती सरता. दर्यो इतको शिस्तीत चलना नाय.”

कान तापले. सर ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, “गट तुमचा, तुम्ही ठरवा.” गटानं ठरवलं : पुढच्या पंधरवड्यात त्याच तिथ्या, मीच. तो सोबत येणार, पहाऱ्याला.

दीड तासाचं कोडं दुसऱ्या गटातल्या मुलीनं सोडवलं. तीस तिथींत भरती घड्याळाचे चोवीस तास फिरून येते, मग एका तिथीला 48 मिनिटं हवीत. आजोबांची पाऊण म्हणजे 45. रोजची 3 मिनिटं साचून पौर्णिमेला 45 होतात. भरती उडी मारत नव्हती, हिशेब मागं राहत होता. तोंडी करायला पाऊणपट सोपी, एवढंच.

गावात तेव्हा कुरकुर होती, मास्तर शिकवत नाहीत, पोरांना धक्क्यावर हुंदडायला पाठवतात. पुढे मी स्वतः मास्तर झालो. प्रशिक्षणात ‘जिगसॉ’ शिकवलं : धड्याचे तुकडे करून एकेकाला एकेक द्यायचा, म्हणजे दुसऱ्याला विचारल्याशिवाय कुणाचं भागत नाही. 1971 साली अमेरिकेत, टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत गोरी-काळी मुलं नुकती एका वर्गात आली होती, तेव्हा एलियट ॲरॉन्सन यांनी ते काढलं. ऐकताना मला वरची आळी आणि गाबितवाडा दिसत होते. आता माझ्या वर्गातही गट असतात. पण एक जण तक्ता रंगवतो नि तिघं खाली नाव घालतात, असंही होतंच. अशा वेळी मी तक्ता बाजूला ठेवून वह्या मागतो. गोधडीत भरलेली वही मला लगेच ओळखू येते.

त्या पंधरवड्यात नवमीच्या पहाटे आम्ही दोघं धक्क्याच्या पायरीवर बसलो होतो. खिशात वर्गातला खडू. दर पाच मिनिटांनी पाण्याच्या कडेला रेघ मारायची. लाट रेघ पुसायची, आम्ही वर दुसरी मारायचो. मला घाई झाली होती. “झाली काय भरती?”

“थांब,” तो म्हणाला. मग दोन रेघा कोरड्याच राहिल्या. त्यानं घड्याळाकडे बोट दाखवलं. “आता लिव.”