शेपटाला राहून कन्याकुमारी

परत येऊन आठ दिवस झाले तरी पहाटे सव्वाचारला जाग येतेच आणि अंधारात हात आधी हेल्मेट शोधतो. पुणे ते कन्याकुमारी, साधारण १६०० किलोमीटर, आम्ही अठरा जण, बारा दिवस आणि त्यातला एक बंगळुरूत आरामाचा. फोटो सगळ्यांनी टाकलेत, त्यामुळे समुद्र, विवेकानंद शिला, तिरुवळ्ळुवरांचा पुतळा हे परत सांगत बसत नाही. मला शेपटाकडचं सांगायचंय, कारण मी पूर्ण राइडभर स्वीप होते.

स्वीप म्हणजे सगळ्यात शेवटी चालवणारा, त्याच्या मागे फक्त सामानाचा टेम्पो. काम एवढंच की आपल्या मागे आपलं कुणी राहता कामा नये. कुणाचं पंक्चर झालं, कुणाच्या पोटरीत गोळा आला, कुणी नुसतंच पुलाच्या कठड्यावर जाऊन बसलं, की आपणही थांबायचं. नाव आलं तेव्हा मला खरंच वाईट वाटलेलं, वर्षभर पहाटे उठून घाट मारलेले ते काय मागे राहण्यासाठी का. खंबाटकी चढताना पुढचे सगळे वळणाआड दिसेनासे झाले तेव्हा तर डोळ्यात पाणी आलं. पण चौथ्या दिवसानंतर मला कुणी पुढे जा म्हटलं असतं तरी मी गेले नसते.

आधी पैशाचं सांगते, कारण तेच सगळ्यांनी विचारलं. आमच्या तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या मुली रोज पाच-सहा किलोमीटर चालत येतात, त्यांना सायकली द्यायच्या म्हणून ही राइड. लोकांनी किलोमीटरमागे पैसे कबूल केले, कुणी एक रुपया, कुणी पाच, कुणी दहा. राहणं, जेवण, टेम्पोचं डिझेल, परतीची तिकिटं हा खर्च ज्याचा त्याने केला, आलेला रुपया न् रुपया सायकलींना. "एवढी दगदग कशाला, सरळ वर्गणी काढायची ना" असं घरच्यांपासून ऑफिसपर्यंत सगळे म्हणाले. काढून बघितलेली. एकदा पाचशे दिले की माणूस विसरतो. इथे रोज संध्याकाळी आज किती झाले हा मेसेज गेला की लोक वाट बघायचे, सोसायटीतल्या आजी नातवाकडून नकाशा उघडून घ्यायच्या आणि दावणगेरेला पोचलो त्या दिवशी त्यांनी एक रुपयाचे दोन केले. त्या मुली रोज किती चालतात हे त्यांना आमच्या किलोमीटरवरून कळलं, वर्गणीच्या पावतीवरून नसतं कळलं.

आता काका. वय त्रेसष्ट, पोस्टातून रिटायर, जुनी स्टीलची सायकल, कॅरियरला राजगिऱ्याच्या लाडवांचा डबा. निपाणी-बेळगावपर्यंत चहाच्या टपरीवर मराठीत गप्पा मारत मजेत होते, धारवाड मागे पडल्यावर भाषा संपली तरी गप्पा काही संपल्या नाहीत. पंक्चर हा शब्द मात्र पार शेवटपर्यंत कुणाला समजावून सांगावा लागला नाही. हावेरीच्या अलीकडे त्यांचं मागचं चाक एका दुपारी तीनदा बसलं. ट्यूब बदलली, वीस मिनिटांत परत बसली, पुन्हा बदलली, पुन्हा तेच. काका काही बोलेनात, नुसते चाकाकडे बघत उभे. मग टायर पूर्ण काढलं, उलटं केलं आणि औषधाच्या पेटीतला कापूस आतून गोल फिरवला, हळू, वीत वीत करत, आणि एका जागी कापसाचा एक धागा अडकला. बोटाला लागत नव्हतं, दिसतही नव्हतं, टायर वाकवलं तेव्हा कुठे चमकलं. जिऱ्याच्या दाण्याएवढी तार. ट्रकचं टायर फुटलं की त्यातल्या पोलादी तारा तुटून रस्त्याच्या कडेला पसरतात आणि आपण सायकलवाले चालवतो कडेनेच. नेलकटरच्या टोकात धरून ओढली तर आली बाहेर. काकांनी ती तार तळहातावर घेतली, बराच वेळ बघितली आणि रस्त्यावर टाकली नाही, परत कुणाच्या तरी चाकात जाईल म्हणून कागदाच्या पुडीत बांधून खिशात ठेवली. ती पुडी बंगळुरूला कचऱ्याच्या डब्यात गेली, मी बघितलंय.

दावणगेरे ते चित्रदुर्ग वारा. डिसेंबरात तिकडे पूर्वेकडून वाहतो, आपण जाणार आग्नेयेला, म्हणजे तोंडावरच. डोंगरावर पवनचक्क्या फिरतायत आणि आपण सपाट रस्त्यावर ताशी बाराने. पुढच्या टोळीतला सगळ्यात दमदार मुलगा, जो रोज पहिला पोचायचा, तो उलटा मागे आला, आला तो वारा अडवायला काकांच्या पुढे लागला आणि म्हणाला, "काका, माझ्या चाकाकडे बघत या, वर बघूच नका." चाळीसेक किलोमीटर त्याने एकट्याने वारा खाल्ला, मग मी पुढे गेले, मग परत तो. दुसऱ्या दिवशी तुमकुराजवळ क्यातसंद्राला तट्टे इडली, म्हणजे ताटलीसारखी चपटी इडली, खाताना काकांनी त्याच्या ताटात स्वतःची एक इडली ठेवली, बोललं कुणीच काही नाही.

सगळं गोडच होतं असंही नाही. धर्मपुरीनंतरचा तोप्पूर घाट अपघातांसाठी बदनाम, उतार लांब, मागून भरलेले ट्रेलर. तिथे सगळ्यांनी अंतर ठेवून, एका ओळीत, मध्ये थांबून ब्रेकने तापलेल्या रिम गार करत उतरायचं ठरलेलं आणि दोघं-तिघं सुसाट निघून गेले. त्या रात्री सेलमला कार्यालयाच्या हॉलमध्ये, दोरीवर ओल्या जर्सी, एका एक्स्टेंशन बोर्डाभोवती अठरा मोबाइल आणि तेवढेच लाइट, आणि भांडण. जोरात चालवणारे म्हणाले आम्ही दर थांब्याला तासभर गार पडतो, पाय आखडतात. खोटं नव्हतं ते. हळू चालवणारे म्हणाले आम्ही पोचलो की तुम्ही निघता, आम्हाला विश्रांतीच मिळत नाही. तेही खरं. काकांनी तर टेम्पोत बसतो म्हणून सांगून टाकलं. शेवटी राइड लीडरताईंनी वेळच बदलली, हळू चालवणारे साडेचारला, बाकीचे साडेपाचला. इतकं साधं! आठव्या दिवशी सुचलं, पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं. ग्रुप राइड काढणाऱ्यांनो, एवढं तरी घ्या यातून. मदुराईपर्यंत नाश्त्याला सगळे एकत्र आणि काका टेम्पोत बसले नाहीत ते नाहीतच.

तिरुनेलवेलीनंतर परत पवनचक्क्या लागल्या, नजर जाईल तिथवर, आणि काका त्या मोजायला लागले.

सायकलींची ऑर्डर अजून दिलेली नाही. काल शाळेतून मुलींच्या उंचीची यादी आली, सरांनी दाराच्या चौकटीला टेप लावून मोजल्या म्हणे. बहुतेक जणींना चोवीस इंची चालेल. पाचवीतल्या चौघी त्यात बसत नाहीत, त्यांचे पाय टेकणार नाहीत, त्यांना वीस इंची बघावी लागेल आणि ती दोन वर्षांत लहान होईल. काकांचं म्हणणं बावीस इंची घेऊन सीट पार खाली करून द्यावी. उद्या दुकानात जाऊन बघतोय, काका सकाळी दहाला येतायत, सायकलवरच.