वरच्या फळीवरचे उंदीर

मे महिन्यात नांदेडला सकाळी नऊलाच ऊन अंगावर यायला लागतं. त्या दिवशी कॉलेजच्या अॅनिमल हाउसला, म्हणजे प्रयोगाचे प्राणी ठेवतात तिथे, पोचले तर उंदरांची देखभाल करणारे मामा पायरीवर बसलेले, डोक्यावर ओला गमछा. मला बघून उठलेही नाहीत.

"मॅडम, रातच्यापासून लाईट न्हाई. जनरेटरची बॅटरी उतरलीय. तुमाला फोन लावला, बंद. लेकरं पसरायलीत की ओ."

लेकरं म्हणजे माझे २४ पांढरे उंदीर. पीएच.डी.चं दुसरं वर्ष, विषय इन्फ्लुएंझाची लस. निष्क्रिय केलेल्या विषाणूचं अँटिजेन (शरीर ओळखतं तो भाग) लसीचा जोर वाढवणाऱ्या एका नव्या सहायक द्रव्यात मिसळून उंदरांना टोचायचं, २१ दिवसांनी पुन्हा टोचायचं आणि ३५व्या दिवशी रक्त काढून अँटिबॉडी मोजायच्या. तो ३०वा दिवस होता.

मामांनी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं, "मॅडम, उंदराला सर्दी हुती का?" प्रश्न साधा, पण नेमका तोच अडचणीचा. माणसाचा फ्लू उंदराला सहसा लागतच नाही. विषाणू आधी एका उंदरातून दुसऱ्यात नेत नेत मुरवावा लागतो, आणि मग आजारी पडला तरी तो शिंकत नाही, खोकत नाही. नुसतं वजन उतरतं, अंग गार पडतं. शिंकतं ते फेरेट, मुंगसासारखं दिसणारं एक लांबुळकं जनावर. १९३३ साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ या शास्त्रज्ञांनी माणसाच्या घशातलं पाणी फेरेटच्या नाकात घालून माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा पकडला. फेरेटच्या श्वासनलिकेत विषाणूला चिकटायला मिळणाऱ्या जागा आपल्यासारख्याच असतात. हंगामी लसीत कोणता विषाणू घ्यायचा हे ठरवताना आजही फेरेटच्या रक्तातला सीरम वापरतात. पण आमच्याकडे फेरेट कुठून येणार? आमच्याकडे उंदीर. त्यांना मुळात आजारी पाडायचंच नव्हतं, अँटिबॉडी तयार होतात का तेवढंच पाहायचं होतं.

आत शिरले. खिडक्या उघड्या, त्यांवर मामांनी ओली पोती टांगलेली. वास असह्य. उंदरांना घाम येत नाही; फार तापले की ते थुंकी अंगाला फासतात. बहुतेकांची केसं ओली, चिकट, टोकदार झालेली. भुश्यावर पाय चारी दिशांना टाकून पोटावर पडलेले. सगळ्यात वरच्या फळीवरच्या पिंजऱ्यांत दोघं हललेच नाहीत. उचलून हातावर घेतलं तर अजून गरम होते.

आम्ही पिंजरे भराभर शेजारच्या स्टोअरमध्ये नेले, तिथे शहाबादी फरशी आहे, तिच्यावर ठेवले. मी मामांवर चिडले, "रात्रीच का नाही हलवले?" ते शांतपणे म्हणाले, "तुमीच सांगितलं व्हतं नं, पिंजऱ्याला हात लावायचा न्हाई म्हून." यावर काय बोलणार!

मेलेले दोन्ही जास्त डोसच्या गटातले होते. नुसती वही बघणारा कुणीही म्हणेल, लस विषारी आहे. तापमानाचं डिजिटल नोंदयंत्र लाईटबरोबर बंद पडलेलं, पण मामांची शिसपेन्सिलीची वही होती: रात्री ११ ला ३१, २ वाजता ३३, सकाळी ९ ला ३५. थर्मामीटर मधल्या फळीजवळ टांगलेला. मी तो काढून सहज वर धरला. वर पत्रा. पारा ३८ वर गेला. तळाशी धरला, ३४.

आणि मग माझ्या लक्षात आलं. तळाच्या फळीवर बिनलसीचा गट, त्याच्यावर कमी डोस, मग मध्यम, सगळ्यात वर जास्त डोस. नोंदायला सोपं जावं म्हणून मीच तसे रचले होते. डोस वाढेल तशी उष्णता वाढत गेली होती. वजनं केली तर बिनलसीचेही थोडे उतरले होते.

माझे गाईड सर म्हणाले, "रक्त तर काढ, बघू." पाच दिवसांनी काढलं, अँटिबॉडी मोजणारी एचआय टेस्ट लावली. या टेस्टची प्लेट मला अजून बघत बसावीशी वाटते. प्रत्येक खळग्यात उंदराचा सीरम, विषाणू आणि वर कोंबडीच्या तांबड्या पेशींचा थेंब. अँटिबॉडी असेल तर पेशी तळाला घसरून लाल टिकली बनते, प्लेट तिरकी केली की ती अश्रूसारखी ओघळते. नसेल तर विषाणू पेशींना जाळ्यात गुंतवतो आणि गुलाबी साय पसरते. मध्यम डोसला सीरम १६० पट पातळ करेपर्यंत टिकल्या आल्या, जास्त डोसला ४० पटीवरच थांबल्या. माणसांत ४० च्या आसपास निम्म्यांना संरक्षण मिळतं असं धरतात. उंदराचे ४० म्हणजे काय, हा वेगळाच वाद.

आलेख मात्र देखणा निघाला. मध्यमला उंच, पुढे उतार. "डोस फार वाढवला की प्रतिसाद घटतो" असं वाक्य लिहायला हात शिवशिवला, खोटं कशाला सांगू. पण घट डोसाची की पत्र्याची, हे सांगायला काहीच मार्ग नव्हता. सगळा प्रयोग रद्द केला. एथिक्स कमिटीकडे पुन्हा २४ उंदरांचा अर्ज करताना कारणाच्या रकान्यात पिंजऱ्यांची रचना लिहावी लागली. एका सदस्याने विचारलं, "म्हणजे हे आधीचे २४ फुकट गेले?" मी "हो" म्हणाले.

त्या दिवसांत मामा एकदा म्हणाले होते, जानेवारी २०२१ मध्ये परभणीच्या मुरुंब्यात बर्ड फ्लू निघाला तेव्हा तिकडं कोंबड्या मारताना त्यांनी पाहिलं होतं. "त्यांला बी लस द्यायची नं मग?" मी सांगितलं, आपल्याकडे त्या फ्लूला कोंबड्यांना लस देत नाहीत, मारूनच टाकतात. ते काही बोलले नाहीत, बाटल्या भरत राहिले.

दुसऱ्या खेपेला, डिसेंबरात, पिंजऱ्यांचे नंबर चिठ्ठ्यांवर लिहून मामांच्या जेवणाच्या डब्यात टाकले. चिठ्ठ्या त्यांनीच काढल्या. बिनलसीचा एक पिंजरा वरच्या फळीवर गेला.

"ह्या बिनऔषधाच्या पोरी माडीवर चालल्या बघा," म्हणत त्यांनी खिशातून सुतळी काढली आणि दुसरा थर्मामीटर वरच्या फळीला बांधला.