लॅबची भूक आणि आपले लाड

'लॅब घ्यायचाय, फ्लॅटमध्ये राहील का हो?' हे मला सोसायटीत, ऑफिसात, भाजी घेताना पण विचारतात, कारण आमची लॅब्राडोर कुत्री चिंगी सगळ्यांच्या ओळखीची. राहील की, मजेत राहील. सकाळ-संध्याकाळ नीट फिरवलं आणि घरात माणसांचा वावर असला की लॅबला घर केवढं आहे याचं काही पडलेलं नसतं. मला काळजी वाटते ती त्याच्या वजनाची. आपल्याकडे बघाल तो लॅब जाड, आणि लोक 'कसला गुटगुटीत आहे' म्हणत अजून एक बिस्किट पुढे करतात.

मुळात हे कुत्रं गार पाण्यात काम करणारं. कॅनडातल्या न्यूफाउंडलंड बेटावर मच्छीमारांच्या बरोबर असायचं, जाळी ओढायला, निसटलेले मासे पकडून आणायला. १९व्या शतकात तिथून जहाजांमधून इंग्लंडला आलं, शिकारीत पडलेले पक्षी उचलून आणायला शिकलं, आणि १९०३ साली तिथल्या केनेल क्लबने जात म्हणून मान्यता दिली. ते सगळं अजून अंगात आहे. बोटांच्या मधे पडदा, बुडाशी जाड शेपूट, केसांचे दोन थर, आणि तोंड इतकं हलकं की चिंगी आईची चप्पल दारापर्यंत आणून देते, चप्पल ओली होते पण दाताचा एक वण उठत नाही.

आता भुकेचं. लॅब हावरट असतो असं आपण सहज म्हणून जातो, पण बऱ्याच लॅबच्या बाबतीत ती सवय नसून रक्तातली गोष्ट आहे. केंब्रिजच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं की साधारण चारातल्या एका लॅबमध्ये पीओएमसी नावाच्या जीनचा तुकडाच गायब असतो, त्यामुळे पोट भरल्याचा निरोप मेंदूला नीट पोचत नाही. म्हणजे जेवून उठल्यावर परत ताटाशी येऊन बसतो ना, तो नाटक करत नसतो, त्याला खरंच भूक लागलेली वाटते बिचाऱ्याला. आणि गंमत म्हणजे मदतनीस म्हणून शिकवलेल्या लॅबमध्ये हा बदल जास्त सापडला. खाण्यासाठी जीव टाकणारं कुत्रं शिकवायला सोपं जातं, म्हणून असेल. मुंबई पोलिसांचा झंजीर लॅबच होता, १९९३च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी त्याने ३,३२९ किलो आरडीएक्स हुडकून काढलं असं सांगतात. किती माणसांचे जीव वाचले असतील त्या एका नाकामुळे! २००० साली हाडांच्या कॅन्सरने गेला तो.

तर भूक त्याच्या हातात नाही, ताट मात्र आपल्या हातात आहे. साधारण २८ किलोच्या लॅबला दिवसाला बारा ते चौदाशे कॅलरी पुरतात आणि तूप लावलेली एक पोळी शंभरच्या वर जाते. आता घरात चार माणसं, प्रत्येकाने जेवताना अर्धी अर्धी पोळी खाली टाकली की दोन पोळ्या झाल्या, आणि त्याचं रोजचं जेवण वेगळंच. म्हणून आमच्याकडे सकाळीच दिवसाचं सगळं खाणं मोजून डब्यात काढतो, ट्रेनिंगचे दाणे पण त्यातूनच, डबा संपला की विषय संपला. काकडी, गाजर, दुधी चालतो. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट अजिबात नाही, म्हणजे आपली फोडणीची भाजी पण नाही.

वजन ठीक आहे का हे हाताने बघायचं. बरगड्यांवरून हात फिरवला की दाब न देता फासळ्या लागल्या पाहिजेत, आणि वरून बघितलं की कंबर दिसली पाहिजे. सगळं अंग नळकांड्यासारखं एकसारखं दिसत असेल तर खाणं कमी करा. अमेरिकेत ४८ लॅब पिल्लांवर आयुष्यभर चाललेला एक अभ्यास २००२ मध्ये छापून आला, त्यात २५ टक्के कमी खाणारी कुत्री जवळपास दोन वर्षं जास्त जगली आणि सांधेदुखी पण उशिरा सुरू झाली. दोन वर्षं म्हणजे कुत्र्याच्या आयुष्यात केवढी! लॅबला खुब्याचा त्रास तसाही व्हायची शक्यता असते, त्यावर आठ-दहा किलो जास्तीचे लादायचे कशाला?

उन्हाळ्यात जाड कुत्र्याचे हाल जास्तच. धापा टाकूनच अंग गार होतं त्याचं, आणि मुंबई-कोकणाच्या दमट हवेत त्याचाही फारसा उपयोग होत नाही. एप्रिल-मेमध्ये सकाळी सातच्या आत फिरवून आणा, रस्त्यावर आपला तळहात टेकवून बघा, चटका बसला तर त्याच्या पंजांनाही बसणार. केस भादरू नका, ऊन थेट कातडीला लागतं. जीभ लालभडक, लाळ चिकट, चालताना झोकांड्या जायला लागल्या तर सावलीत नेऊन साधं पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टरकडे पळा.

पावसाळ्यात फिरून आलं की कान कोरडे करायचे, लोंबते कान आतून ओले राहिले की वास मारायला लागतात, आणि बोटांच्या फटीत, कानामागे गोचिड आहेत का ते रोज चाचपायचं. गोचिडतापात कुत्रं जेवायचं बंद होतं. लॅबने ताटाकडे पाठ फिरवली तर उद्या बघू म्हणू नका, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.