मानेवरचा काळा पट्टा

मंगळवार, रात्री साडेदहा

जेवून तलावपाळीला दोन फेऱ्या मारून आलो. आई सोबत होती. चालता चालता तिने माझ्या मानेवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, किती घासायचे गं मी ही मान!"

आठवी-नववीत दर रविवारी डाळीचं पीठ आणि लिंबू. कातडी लालबुंद व्हायची, पट्टा तसाच. "नीट आंघोळ करत नाहीस" हे वर. तो मळ नव्हताच. शरीर इन्सुलिनला दाद देईनासं झालं की रक्तात ते वाढत जातं आणि मानेच्या, काखेच्या घड्यांत कातडी जाड, काळी पडते. तेच जादा इन्सुलिन बीजकोशांना पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. मग पाळी लांबते, हनुवटीवर केस येतात. हार्मोन आणि पाळीच्या या बिघाडाला पीसीओएस म्हणतात. मला हे कळलं सव्विसाव्या वर्षी, चार महिने पाळी चुकल्यावर. त्याआधी एका डॉक्टरांनी "लग्न झालं की होईल सगळं ठीक" म्हणून परत पाठवलं होतं. त्याचा राग अजून जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पीसीओएस असलेल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांचं निदानच होत नाही. का होत नाही, ते मला चांगलं ठाऊक आहे.

खास पथ्य असं काही केलं नाही. ऑफिसातून लोकलने घरी पोचेपर्यंत पावणेनऊ, म्हणून निघतानाच डब्यातले उकडलेले हरभरे खाते. नाहीतर घरी येऊन भुकेच्या तडाख्यात भाताचा डोंगर व्हायचा. रात्री सगळ्यांनाच ज्वारीची भाकरी. माझं ताट वेगळं असतं तर पंधरा दिवसांत कंटाळले असते. जेवणानंतरचं चालणं मात्र चुकवत नाही, कारण चालताना स्नायू साखर ओढून घेतात, इन्सुलिनची फारशी वाट न बघता. आठवड्यातून दोनदा डंबेल्स. आठ महिन्यांत ७२ चे ६८ किलो झाले. "एवढंच?" असं सगळे विचारतात. पण पाळी आता पस्तीस-छत्तीस दिवसांनी येते. मला तेवढं पुष्कळ आहे.

पट्टा अजून पुरता गेलेला नाही, फिका झालाय.

आत्ता आई बाहेर मावशीशी फोनवर बोलतेय. मावशीची धाकटी चौदा वर्षांची आहे, गणपतीत तिची मान पाहिली होती आम्ही. "घासू नकोस गं तिला," आई सांगतेय, "आधी डॉक्टरांकडे ने. साखर तपासायला सांग, पाळीचंही विचार."