त्याच वाटेने परत

वाटेचं नाव या लेखात कुठेही येणार नाही. विसरले नाही, मुद्दाम गाळलंय. २०१९ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या वॉकर कॅन्यनचे डोंगर पॉपीच्या केशरी फुलांनी भरून गेले, त्याचे फोटो जगभर फिरले, आणि फुलांत बसून फोटो काढून घ्यायला एवढी झुंबड उडाली की जवळच्या शहराला ती जागा काही काळ बंद करावी लागली. त्याच्या आदल्याच वर्षी वायोमिंगमधल्या जॅक्सन होलच्या पर्यटन मंडळाने येणाऱ्यांना विनवलं होतं, फोटो खुशाल टाका, पण नेमकी जागा टॅग करू नका. आमच्या वाटेवर केशरी डोंगर वगैरे काही नाही. दरीतून पूर्वेकडे चढत जाणारी सहा किलोमीटरची पायवाट, मध्ये एक ओढा, शेवटी खिंड. पण पुढे एका वठलेल्या झाडाबद्दल लिहिणार आहे, आणि त्या झाडाच्या बुंध्याभोवतीची माती शेकडो बुटांखाली यायला नको.

सोबत मैत्रीण होती. ती फोटो काढत नाही. ती चालते. आदल्या रात्री तिने हिशेब करून पाठवला. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ साली मांडलेला ठोकताळा तिला तोंडपाठ आहे: तासाला पाच किलोमीटर, आणि चढाच्या दर सहाशे मीटरला एक तास जास्तीचा. आमची वाट जाऊन-येऊन बारा किलोमीटर, चढ साडेचारशे मीटर. म्हणजे तीन तास दहा मिनिटं. ‘साडेसहाला सुरुवात, पावणेदहाला गाडीपाशी,’ असा तिचा मेसेज. नेस्मिथच्या सूत्रात कॅमेऱ्याला जागा नाही, हे मी तेव्हा बोलले नाही.

पहिली वीस मिनिटं तर वाटेवर पाऊल न टाकताच गेली. गाडीत एसी लावला होता आणि कॅमेरा मागच्या सीटवर उघडाच पडलेला. बाहेर पहाटेची दमट हवा. कॅमेरा काढला आणि लेन्सवर वाफ धरली. पुसली, परत धरली. पुसून काही होत नसतं, कारण काचच गार असते आणि हवेतलं बाष्प तिच्यावर जमतच राहतं. ती बाहेरच्या हवेइतकी गरम होईपर्यंत थांबायचं, एवढंच हातात. आधीपासून बंद पिशवीत ठेवला असता तर ही वेळ आली नसती. हे मला माहीत होतं. माहीत असून मी दर दोन-तीन सहलींनंतर हीच चूक करते.

“पावणेदहाला ना?” मैत्रीण म्हणाली.

“निघ तू. गाठते मी.”

अर्थात गाठलं नाही. तीच दर वळणावर थांबत गेली.

सूर्य समोरच्या धारेमागून वर यायला पावणेआठ वाजले. तोवर दरीत निळसर, सपाट उजेड होता. या उजेडाला नावं ठेवणारे खूप आहेत. मला तो आवडतो, कारण जंगलाच्या आत तोच कामाचा. ऊन आलं की झाडीत काळ्या-पांढऱ्याचं भांडण सुरू होतं: पानांतून पडलेले कवडसे पांढरेफट्ट जळतात आणि बाकीचं सगळं काळोखात बुडतं. आपला डोळा दोन्ही सांभाळून घेतो. कॅमेऱ्याला ते एका वेळी जमत नाही. ढगाळ दिवशी अख्खं आभाळच दिव्यासमोर धरलेल्या पांढऱ्या कापडासारखं काम करतं, सावल्या विरघळतात, शेवाळाचा हिरवा हिरवाच राहतो. रानात शिरायचं असेल तर मी ढग मागते. डोंगरमाथ्यावर जायचं असेल तर ऊन.

त्या दिवशी ऊन आलं, आणि नेमकं एका कोळ्याच्या जाळ्यावर आलं. वाटेच्या डाव्या अंगाला, गुडघ्याएवढ्या उंचीवर, दोन वाळक्या काटक्यांमध्ये ताणलेलं चाकासारखं जाळं. धाग्या-धाग्यावर दव. थेंब सगळे सारखे नव्हते. मधल्या फेऱ्यांवर मोहरीपेक्षा बारीक, आणि जिथे दोन धागे एकमेकांना भेटतात तिथे जरा टपोरे. मी गुडघ्यांवर बसले, मग कोपरांवर आले. एका टपोऱ्या थेंबात पलीकडचं सगळं उलटं दिसत होतं: झाडं वर, आभाळ खाली. इतक्या जवळून फोटो काढताना फोकसची खोली जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर मिळते. श्वास सोडला तरी थेंब धूसर. त्यात जाळं वाऱ्याने पुढे-मागे हलतं. वारा थांबला की पाच-सहा फोटो, परत वाट बघणं. पार्श्वभूमी काळी मिळावी म्हणून सावलीतली घळ मागे येईल असा कोन शोधला, आणि तो कोन शोधण्यात मी वाटेच्या कडेला आडवी झाले होते. मैत्रीण शेजारच्या झाडाला टेकून उभी. अर्धा तास गेला असावा. ती म्हणते चाळीस मिनिटं.

पुढे दाट झाडी लागली. जमिनीवर गोल कवडसे. पानांमधली भोकं कधीच गोल नसतात, तरी कवडसे गोल का? कारण प्रत्येक बारीक फट सुईच्या टोकाएवढ्या छिद्राच्या कॅमेऱ्याचं काम करते, आणि जमिनीवर उमटते ती फटीची आकृती नसून सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणात हेच कवडसे चंद्रकोरीसारखे होतात. मैत्रिणीला हे पटेना. मी पाण्याची बाटली तिच्या हातात देऊन टोपीच्या जाळीतून पडलेला उजेड कागदावर दाखवला: चौकोनी छिद्रांचे गोल ठिपके. कागद मातीपासून उचलून जाळीच्या जवळ आणला की चौकोन परत दिसायला लागतात. या खेळात ती माझ्यापेक्षा जास्त रमली, हे नोंदवून ठेवते.

खिंडीत पोचलो साडेअकराला. नेस्मिथच्या हिशेबाने दोन तासांची चढण, आम्हाला जवळपास पाच लागले.

तिथले खडक दगडफुलांनी माखलेले. राखाडी, पिवळट हिरवे, कडेला काळी रेघ असलेले गोल. दगडफूल म्हणजे एक जीव नव्हे, बुरशी आणि शैवाल यांनी मिळून थाटलेला संसार. स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ सिमॉन श्वेन्डेनर यांनी १८६७ मध्ये हे मांडलं तेव्हा दगडफुलांचा अभ्यास करण्यात हयात घातलेल्या लोकांनीच ते धुडकावलं होतं. यातल्या काही जाती वर्षाला एक मिलिमीटरही वाढत नाहीत. तळहाताएवढा डाग माझ्या आजीपेक्षा म्हातारा असू शकतो. म्हणून पिशवी टेकवायलाही मी मोकळा दगड शोधला. फोटोसाठी एक साधी युक्ती: कॅमेरा खडकाच्या पृष्ठभागाला समांतर धरायचा, म्हणजे तो अख्खा पट्टा फोकसमध्ये येतो. तिरका धरला की निम्मं चित्र पुसट.

दुपारचं ऊन डोक्यावर. फोटो काढण्यात अर्थ नव्हता, सावलीला पडून राहिलो. मी तिला अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सची गोष्ट सांगितली. १० एप्रिल १९२७ ला पंचवीस वर्षांचे अ‍ॅडम्स कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीत हाफ डोम या सरळसोट कड्यासमोरच्या उंच जागी चढले तेव्हा त्यांच्याकडे बारा काचा होत्या. काच म्हणजे एक फोटो. मोक्याच्या जागी पोचेपर्यंत दोनच उरल्या. पहिली पिवळ्या फिल्टरने वापरली. मग लक्षात आलं की यात आभाळ नुसतं आभाळासारखं येणार, त्या कड्यासमोर उभं राहून जे वाटतंय ते येणार नाही. शेवटच्या काचेला गडद लाल फिल्टर लावला. निळं आभाळ जवळजवळ काळं उमटलं आणि कडा त्यातून पुढे आला. तो फोटो पुढे त्यांच्या कारकिर्दीचं वळण ठरला.

“तुझे आतापर्यंत किती झाले?”

“दोनशे चौदा.”

“तुझ्याकडे बाराच काचा असत्या तर मी आत्ता घरी झोपलेली असते.”

खरा वाद त्यानंतर झाला. खिंडीतून पलीकडे उतरणारी दुसरी वाट होती, ती वळसा घालून गाडीपाशीच येते. चालणाऱ्यांना असा वळसा फार प्रिय. पाहिलेलं परत कशाला पाहायचं, हा त्यांचा प्रश्न. माझं म्हणणं उलटं. सकाळी पूर्वेकडे जाताना सूर्य आमच्या समोर होता, म्हणजे प्रत्येक झाडाची पश्चिमेची बाजू आम्ही पाहिली. दुपारनंतर पश्चिमेकडे उतरताना सूर्य पुन्हा समोरच, पण झाडांची ती बाजू दिसणार जी सकाळी आमच्या पाठीमागे गेली. जाताना दर शंभर पावलांवर मागे वळून बघण्याची शिस्त असेल तर गोष्ट वेगळी. ती माझ्यात नाही, कोणातच फारशी नसते. शेवटी नाणं उडवायची वेळ आली आणि नाणं कोणाकडेच नव्हतं. ती म्हणाली, “चल बाई, त्याच वाटेने. पण पुढे मी.”

अडीचला उतरायला लागलो. ओढ्यावर सकाळी थांबलोच नव्हतो, पाणी सावलीत होतं. आता तिरप्या उन्हात पृष्ठभाग नुसता चकाकत होता आणि आतलं काही दिसत नव्हतं. पोलरायझिंग फिल्टर लावून हळूहळू फिरवला. एका क्षणी चकाकी विझली आणि तळाचे गोटे, त्यावर बसलेली तपकिरी पानं, दोन बोटभर मासे असं सगळं वर आलं. पाण्याच्या पातळीशी साधारण ३७ अंशांचा कोन करून पाहिलं की हा फिल्टर परावर्तन जवळजवळ पूर्ण खातो. सरळ वरून डोकावलं तर त्याचा काही उपयोग नाही. तो कोन साधायला मी एक पाऊल मागे टाकलं आणि उजवा पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात गेला. कॅमेरा वाचला. कॅमेरा डोळ्याला लावलेला असताना पाय हलवायचे नाहीत, हा नियम मी इतरांना नेहमी सांगते.

पुढचे दोन किलोमीटर बूट पचक-पचक वाजत होता. मैत्रीण दिसेनाशी झालेली. साडेचारच्या सुमाराला पुढून हाक आली, “अगं, इकडे बघ!”

ती एका वठलेल्या झाडापाशी उभी होती. खोडाच्या पूर्वेच्या अंगाला मुळापासून छातीच्या उंचीपर्यंत अळंबीचे थर होते, भिंतीवर फळ्या ठोकाव्यात तसे. वरून तपकिरी वलयं, कडेला पांढरी किनार. सूर्य झाडामागे खाली आला होता, त्यामुळे खोड काळं आणि खोडाबाहेर आलेल्या पातळ कडा आतून उजळलेल्या, अगदी कानाची पाळी उन्हात लाल दिसते तशा. सूर्य इतका खाली आला की त्याच्या प्रकाशाला हवेचा जाड थर ओलांडावा लागतो, निळा वाटेतच विखुरतो आणि उरतो तो पिवळा-तांबडा. तोच त्या कडांमधून गळत होता. सर्वांत खालच्या थरावर एक गोगलगाय होती, शिंगं बाहेर काढलेली.

“सकाळी कसं दिसलं नाही?”

“तुला कसं दिसणार! तू त्या कोळ्यासमोर लोळत होतीस. मी याच झाडाला टेकून उभी होते, या बाजूला पाठ करून.”

खरंच तीच जागा. माझ्या कोपरांचे ठसे अजून मातीत होते. चार हातांवर हे सगळं होतं आणि अर्धा तास मी त्याच्याकडे पाठ करून थेंब मोजत होते. जाळं मात्र नव्हतं. चाकाच्या आकाराचं जाळं विणणारे कितीतरी कोळी रोज ते मोडून खातात आणि नवीन विणतात. काटक्यांना अडकलेले दोन ताणाचे धागे तेवढे उरले होते, वाऱ्यावर लोंबत.

बॅटरी शेवटच्या रेघेवर होती. अळंबीचे नऊ फोटो निघाले, दहाव्याला कॅमेरा बंद पडला. गाडीपाशी पोचलो पावणेसहाला.

रात्री फोटो निवडायला बसले. तीनशे अठ्ठ्याऐंशीचे चौदा राहिले, त्यातले अकरा उतरतानाचे. जाळ्याच्या एकशेसहा फोटोंपैकी एकच ठेवला, तोही जरा हललेला. मैत्रिणीला अळंबीचा पाठवला. उत्तर सकाळी आलं: ‘छान. पुढच्या वेळी नेस्मिथला साडेतीनने गुणेन. आणि तो गोगलगायीचा पण पाठव, तिला मी आधी पाहिलं होतं.’