गिरनार वारी आणि सोरठचे दंडनायक

गिरनारच्या गुरुशिखरावर दत्तपादुकांचं दर्शन पहाटेच झालं. गोरखनाथ, अंबाजी मागे पडले. नेमिनाथ तीर्थंकरांच्या देरासरापाशी, म्हणजे जैन मंदिरापाशी, उतरेपर्यंत ऊन टाळूवर आलं आणि टाचेचा फोड टरारला. घामानं ओला मोजा चढताना टाच घासतो, उतरताना बोटं पुढे रेटली जातात. कोरडे मोजे अंबाजीपाशीच बदलायचे, पण तिथे बसायला जागा कुठे? रोपवेनं आलेली ताजीतवानी मंडळी फोटो काढत पायऱ्या अडवून उभी!

सावलीतल्या एका कच्छी आजींनी न विचारता पाय मांडीवर ओढला. "फोडीश नहीं, दीकरा." सुती फडक्याच्या चार घड्या केल्या, मधोमध फोडाएवढं भोक कातरलं. त्यानं दाब कडांवर जातो, फोड मोकळा राहतो. वरून पट्टी, घोट्याभोवती आठच्या आकड्यात. नुसती गोल गुंडाळली तर शंभर पायऱ्यांत सरकते. मग उकळून गार केलेलं पाणी. मी 'जय गिरनारी' म्हटलं, त्या 'जय जिनेंद्र' म्हणाल्या.

चामड्याचा पट्टा बाहेर काढून आत गेलो. काळ्या पाषाणातला नेमिनाथ. हे मंदिर गुजरातचा राजा सिद्धराज जयसिंह याचा सोरठचा (सौराष्ट्राचा) दंडनायक, म्हणजे प्रांताधिकारी, सज्जन यानं संवत 1185 मध्ये, म्हणजे 1128-29 च्या सुमारास, नव्यानं उभारलं. परंपरा सांगते की त्यानं प्रांताचा तीन वर्षांचा वसूल यात घातला. राजा हिशेब मागायला आला, तोवर यानं जवळच्या वणथळी गावच्या व्यापाऱ्यांकडून तेवढीच रक्कम तयार ठेवली होती. म्हणाला, पैसा घ्या नाहीतर पुण्य घ्या. राजानं पुण्य घेतलं. वसुली अधिकाऱ्याची हुशारी म्हणायची की भक्ती? मला दोन्ही दिसतात.

पुढच्या राजाच्या, कुमारपाळाच्या, काळात आंबाक या अधिकाऱ्यानं डोंगरावर वाट बांधवली. संवत 1222 चा तसा लेख आहे. म्हणजे तेव्हाच इथे सरकारी बांधकाम खातं येऊन गेलं! जवळच वस्तुपाल मंत्र्याचं त्रिकूट, म्हणजे तीन गाभाऱ्यांचं, मंदिर आहे, पण तेव्हा नक्षी बघायचं त्राण नव्हतं.

अजून चारेक हजार पायऱ्या. उतरताना काठी आधी खालच्या पायरीवर, मग दुखरा पाय, शेवटी धड पाय. पायऱ्यांची उंची सारखी नाही, म्हणून झपझप उतरलं की गुडघा दगा देतो. तिरकं, अंग किंचित वळवून उतरावं. वरती निघालेले 'किती राहिलं?' विचारत होते. खरं सांगवेना, 'आलंच आता' म्हणत सुटलो.